साधी स्टिरिओ की आठ स्पीकरची?

पत्र:

नमस्कार. मी ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. पिकअप ट्रक घ्यायचं बरेच दिवस मनात होतं. आता दोन पसंत पडलेत, दोन्ही २०२२ च्या वापरलेल्या फोर्ड एफ-१५०, चार दारांच्या. पहिला एक्सएलटी प्रकारातला, त्यात कंपनीची साधी स्टिरिओ आहे. दुसरा लॅरिएट प्रकारातला, त्यात बी अँड ओची (बँग अँड ओलुफसेनची) ८ स्पीकरची सिस्टिम, सबवूफरसकट, म्हणजे खर्जासाठीच्या वेगळ्या स्पीकरसकट. लॅरिएट साडेचार हजार डॉलरनी महाग आहे. डीलरकडचा माणूस म्हणतो, थोडे आणखी घाला आणि १८ स्पीकरचा प्लॅटिनमच घेऊन टाका.

माझे रोज जाऊन-येऊन दीड-दोन तास केटी फ्रीवेवर जातात. ऐकण्यात ख्याल, अभंग, तबला सोलो. गणपतीच्या आधी, मी ज्यात वाजवतो त्या इथल्या ढोल-ताशा पथकाच्या सरावाची रेकॉर्डिंग्ज. सासरे वर्षातले काही महिने आमच्याकडे असतात, त्यांना जुनी नाट्यगीतं लागतात. बायकोचं म्हणणं, आवाजासाठी कुणी एवढे पैसे घालतं का, साधा घे आणि हवं तर नंतर बाहेरून बसवून घे. फरक खरंच ऐकू येतो का? आणि बाहेरून काही बसवलं तर वॉरंटी जाते का?

– एक कानसेन, केटी, टेक्सस

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

फरक ऐकू येतो, आणि तुमचं ऐकणं पाहता तुम्हाला तो चारचौघांपेक्षा जास्तच जाणवेल. पण साडेचार हजार डॉलर निव्वळ आवाजाच्या खात्यावर टाकू नका. लॅरिएटमध्ये चामड्याच्या सीट आहेत, समोरच्या सीटना गार हवा आहे, स्क्रीन मोठी आहे. ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये रोज दोन तास बसायचं असेल तर गार सीटला मी स्वतः पैसे मोजेन. या गोष्टी हव्याच असतील तर लॅरिएट घ्या आणि त्याबरोबर आलेल्या सिस्टिमचा मनसोक्त आनंद लुटा. त्या नको असतील तर वहिनींचं बरोबर आहे. एक्सएलटी घ्या आणि मागच्या सीटखाली एक छोटा, स्वतःचा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) असलेला सबवूफर बसवून घ्या. १८ स्पीकरच्या मागे मात्र लागू नका.

असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण शोरूममध्ये कुणी हे सांगत नाही. तिथे फक्त स्पीकर मोजून दाखवतात.

काळी एकमध्ये गाणारा गवई घ्या. त्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर (सेकंदाला १३९ कंपनांवर) येतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. त्याच तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो तिच्या पाचपट कंपनांवर, म्हणजे ३४६ हर्ट्झच्या जवळ. दारातला साधा स्पीकर हा गंधार व्यवस्थित देतो. ६९ हर्ट्झवर तो धापा टाकतो. त्यामुळे साध्या स्टिरिओवर तानपुरा ‘ऐकू येतो’, सूरही बरोबर लागतो, पण गवयाच्या मागे जी भरीव बैठक हवी ती राहत नाही. डग्ग्याचं तसंच. ‘घे’ची मींड शंभर हर्ट्झच्या खाली उतरते, आणि तिथे साधा स्पीकर नुसता ‘धप्’ करून मोकळा होतो. मनगटाने दाब दिल्यावर आवाज खाली-वर वळतो ना, ते वळण हरवतं. तबला सोलो ऐकणाऱ्याला ही चुटपुट कायम लागून राहते.

साध्या स्टिरिओत वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसतो, डॅशबोर्डमधल्या युनिटचाच असतो. गाडीच्या १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यातून एका स्पीकरला प्रत्यक्षात वीसेक वॉट मिळतात. स्पीकर हलका, त्याचं चुंबक लहान. तो फाटू नये म्हणून बऱ्याच कंपन्या आवाज वाढवत नेला की खर्ज आपोआप कमी करतात. सकाळी घरासमोर गाडी उभी असताना जे गाणं गोड वाटलं तेच फ्रीवेवर पोकळ वाटतं, ते यामुळेच. त्यात टायरचा आणि वाऱ्याचा आवाज बहुतांशी खालच्या पट्टीतलाच असतो, आणि ताशी ७० मैलांवर तो सगळ्यात आधी खर्जच झाकतो. पिकअपला जाड खाचांचे ऑल-टेरेन टायर असतील तर विचारायलाच नको. दोन्ही ट्रकचे टायर बघून घ्या. कधी कधी टायर बदलल्यावर गाणं जेवढं सुधारतं तेवढं स्पीकर बदलूनही सुधारत नाही.

बी अँड ओच्या ८ स्पीकरच्या सिस्टिममध्ये तुमच्या उपयोगाची गोष्ट आहे ती वेगळा अ‍ॅम्प आणि सबवूफर. बाकीचे सात स्पीकर चांगले आहेत, पण खर्जाचं ओझं सबवूफरने उचलल्यामुळे त्यांना मोकळेपणा मिळतो. दारातल्या स्पीकरला ६० हर्ट्झवर धडपडावं लागत नाही, मग गळ्याचा आवाजही स्वच्छ होतो. बाहेरून फक्त सबवूफर बसवा असं मी म्हणतो त्याचं कारणही हेच.

वॉटच्या आकड्यांनी भुलू नका. राम १५०० या पिकअपच्या २०१९ च्या मॉडेलपासून हरमन कार्डनची १९ स्पीकरची, ९०० वॉटची सिस्टिम मिळू लागली. आकडा छाती दडपवणारा आहे. पण कानाला आवाज दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते. म्हणजे ९० वॉटच्या तुलनेत ९०० वॉट दुपटीच्या आसपास मोठे वाटतात, दहापट नव्हे. जास्त ताकदीचा खरा उपयोग ढोलाच्या ठोक्यासारख्या क्षणिक दणक्याला होतो. तेवढ्या वेळेपुरता अ‍ॅम्प कमी पडला की ठोका चेपतो.

आता ट्यूनिंगबद्दल, कारण महागड्या सिस्टिमची निम्मी किंमत त्यात आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसता तेव्हा डाव्या दाराचा स्पीकर तुमच्या अगदी जवळ असतो आणि उजव्या दाराचा लांब. अंतरात ६० सेंटिमीटरचा फरक धरला तर उजवीकडचा आवाज पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशा फरकाने गवई समोर न बसता डाव्या खिडकीशी सरकतो. चांगल्या सिस्टिममधला प्रोसेसर डावीकडचा आवाज तेवढाच थांबवून सोडतो आणि गवई डॅशबोर्डच्या मध्यावर येतो. काच, सीट, छप्पर यांवरून आपटून येणाऱ्या आवाजाचाही हिशेब त्या विशिष्ट केबिनमध्ये मोजमाप करून केलेला असतो. ही कल्पना नवी नाही. बंगाली वडिलांचे चिरंजीव अमर बोस यांच्या कंपनीने १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी त्या त्या मॉडेलप्रमाणे सिस्टिम बनवून दिल्या, तेव्हापासून ही रीत रुळली. पिकअपमध्ये तिची गरज जास्तच, कारण मागे डिकी नाही. मागच्या सीटच्या पाठीशी लगेच उभी भिंत आणि काच. एक फायदाही आहे: केबिन लहान आणि बंद असल्याने अगदी खालचे सूर आपोआप थोडे वाढतात, म्हणून सीटखालचा चपटा सबवूफरही पुरून उरतो.

कुठल्या नावाची सिस्टिम, याला मी फार महत्त्व देत नाही. हरमनने २०१५ मध्ये बँग अँड ओलुफसेनचा गाड्यांचा विभाग घेतला. जेबीएल आणि हरमन कार्डन आधीपासून त्यांचेच. आणि २०१७ पासून हरमन स्वतः सॅमसंगच्या मालकीची आहे. म्हणजे फोर्डमधलं एक नाव, राममधलं दुसरं आणि टोयोटाच्या ट्रकमधलं तिसरं, ही एकाच घरातली भावंडं आहेत. स्पीकरच्या जाळीवरचं नाव बघून नव्हे, त्या ट्रकमध्ये बसून ठरवा.

प्लॅटिनमच्या १८ स्पीकरविषयी. त्यात छपरात आणि पुढच्या सीटच्या हेडरेस्टमध्येही स्पीकर आहेत, आणि आवाज चहूबाजूंनी वेढतो. चित्रपटसंगीताला, मोठ्या वाद्यवृंदाला ते शोभतं, तुमच्या ढोल-ताशालाही पहिल्यांदा फार भारी वाटेल. पण ख्यालाची, अभंगाची बहुतेक रेकॉर्डिंग्ज दोनच चॅनलची, आणि जुनी तर एकाच. दोन चॅनलचं गाणं अठरा ठिकाणी वाटायचं तर सॉफ्टवेअर ते पसरवतं, आणि गवई आपल्यासमोर बसून गातोय ही जाणीव त्यात विरघळून जाते. मला ते खपत नाही. ज्याला खपतं त्याने जरूर घ्यावं, पण तुमच्या यादीतलं एकही गाणं त्या जास्तीच्या दहा स्पीकरवाचून अडणार नाही.

हे सगळं माझ्या शब्दावर मानू नका. दोन्ही ट्रक एकाच दिवशी, पाठोपाठ चालवून बघा. आदल्या दिवसाचा आवाज कान दुसऱ्या दिवशीपर्यंत जपून ठेवत नाहीत. फोन तुमचाच आणि केबलने जोडलेला, ब्लूटूथने नको. गाणी फोनमध्ये उतरवून ठेवलेली, ॲपमधला दर्जा सगळ्यात वरचा. सॅटेलाइट रेडिओवर तर अजिबात पारख करू नका, त्यात आवाज इतका दाबलेला असतो की दोन्ही ट्रक सारखेच वाटतील. डीलरकडच्या गाडीत बेस आणि ट्रेबल नेहमी वर नेऊन ठेवलेले असतात. दोन्ही शून्यावर आणा, आवाजाचा तोल डावी-उजवी आणि पुढे-मागे मध्यावर ठेवा. सराउंड असेल तर बंद करून साधं स्टिरिओ लावा. ‘ड्रायव्हर’ किंवा ‘सर्व सीट’ असा पर्याय असेल तर ड्रायव्हर निवडा.

सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही ट्रकमध्ये आवाज सारखा ठेवा. स्क्रीनवरचा आकडा सारखा ठेवून चालत नाही, वेगवेगळ्या सिस्टिममध्ये १५ चा अर्थ वेगळा असतो. फोनवर आवाज मोजणारं ॲप घ्या, हेडरेस्टपाशी धरा आणि दोन्हीकडे एकच पातळी येईल असं करा. हे केलं नाही तर जो किंचित मोठा वाजतो तो आपल्याला ‘चांगला’ वाटतो. फरक एखाद्या डेसिबलचा असला तरी कान फसतो. विक्रेत्याने स्वतः गाणं लावून दिलं तर त्याला नम्रपणे थांबवा.

मग तीन गोष्टी ऐका. आधी विलंबित ख्यालाचं सुरुवातीचं तानपुऱ्यासकट एखादं मिनिट, इंजिन बंद ठेवून. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकार, रेशमी वाटते की चरचरते? गवई कुठे बसलाय? दुसरं, तबला सोलोतला संथ कायदा, म्हणजे बोलांची ठरीव रचना. डग्ग्याच्या प्रत्येक ‘घे’ला मींड ऐकू येते का, की सगळे ‘घे’ सारखेच? सबवूफर बेतशीर नसेल तर सगळे ठोके एकाच सुरात घुमतात, हे लक्षात ठेवा. भरपूर खर्ज म्हणजे चांगला खर्ज नव्हे. तिसरं, पथकाचं रेकॉर्डिंग, फ्रीवेवर, तुम्ही रोज ठेवता त्याहून थोडं मोठं. आता दाराच्या पॅनेलवर हात ठेवा. एफ-१५० ची बॉडी २०१५ पासून अ‍ॅल्युमिनियमची आहे, पत्रा हलका, आणि आतलं प्लॅस्टिक ढोलाला साथ देऊ लागलं तर तो खुळखुळाट तुम्हाला रोज छळेल. हे ऐकायला गाडी चालवताना कुणीतरी शेजारी बसलेलं बरं. वहिनींनाच न्या. त्यांनाही फरक कळला तर घरात वाद उरणार नाही.

लॅरिएट बघाल तेव्हा मागची सीट उचलून सबवूफर जागेवर आहे का, वाजतो का, हे तपासा. वापरलेल्या ट्रकमध्ये आधीच्या मालकाने काय काढलं आणि काय घातलं याचा भरवसा नसतो.

एक्सएलटीच ठरला तर बाहेरून काय करायचं? समोरच्या स्क्रीनला हात लावू नका. आजच्या ट्रकमध्ये कॅमेरा, एसी, गाडीच्या सेटिंग सगळं तिच्यात गुंतलेलं असतं. स्पीकरच्या तारांमधूनच सिग्नल घेणारे, अ‍ॅम्प आतच असलेले सबवूफर मिळतात, तसा एक सीटखाली बसवा. मग महिनाभर नुसतं ऐका. तरी अपुरं वाटलं तर पुढच्या दोन दारांत आतून ब्युटाइल रबराच्या चिकट शीट लावून घ्या. दाराचा पत्रा थरथरायचा थांबतो आणि स्पीकरच्या मागचा आवाज पुढच्या आवाजाला खाऊन टाकत नाही. कामाच्या मानाने खर्च थोडा आणि गुण मोठा. स्पीकर बदलणं त्यानंतर. बहुतेकांना तिथवर जावंच लागत नाही. हे दोन-तीन टप्प्यांत केलं तरी एकूण खर्च साडेचार हजारांच्या जवळपासही पोचणार नाही.

दुकानदाराला एक गोष्ट आधीच सांगा. काही एफ-१५० मध्ये इंजिनाची घरघर दाबण्यासाठी छपरातल्या माइकच्या मदतीने स्पीकरमधून उलटा आवाज सोडतात. नवा सबवूफर जोडला की ही यंत्रणा गोंधळते आणि केबिनमध्ये एकसुरी घूं-घूं सुरू होते. लोकांना वाटतं सबवूफर खराब निघाला. ज्याला हे काम ठाऊक आहे तो आधी विचारेल, ‘तुमच्यात नॉइज कॅन्सलिंग आहे का?’ ज्याने विचारलं नाही त्याच्याकडे काम देऊ नका. लॅरिएटची सिस्टिम पुढे वाढवणं याहून कटकटीचं असतं, कारण अ‍ॅम्पमधून येणारा सिग्नल आधीच त्याच स्पीकरांसाठी कापून-छाटून दिलेला असतो. म्हणून ती घेतलीत तर आहे तशी दहा वर्षं वापरायची, अशीच मनाची तयारी ठेवा.

वॉरंटीची भीती लोक उगीच घालतात. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणाने कंपनी सगळी वॉरंटी रद्द करू शकत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे तिला दाखवावं लागतं. अर्थात दुकानदाराने तार चुकीची जोडून काही जाळलं तर ते तुमच्याच अंगावर, म्हणून पावती जपून ठेवा. तसंही फोर्डची सर्वसाधारण वॉरंटी ३ वर्षं किंवा ३६,००० मैलांची असते, यातलं जे आधी होईल ते. २०२२ च्या ट्रकची बहुधा संपलेलीच असेल. या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. बी अँड ओचा अ‍ॅम्प उद्या बिघडला तर तो खर्चही तुमचाच. डीलर जादा वॉरंटी विकत असेल तर त्यात ऑडिओ आहे का, हे कागदावर वाचून बघा, तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट वाचून काळजी वाटली ती सांगतो. तुम्ही पथकात वाजवता, आणि मग तेच रेकॉर्डिंग गाडीतही मोठ्याने ऐकता. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने कामाच्या जागेसाठी ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास अशी मर्यादा सुचवली आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला दोनच. ढोल-ताशाच्या सरावात आवाज याच्या कितीतरी वर असतो. सरावाला कानात वादकांचे इअरप्लग घाला, सूर तेच राहतात, फक्त जोर कमी होतो. आणि सरावाहून परतताना गाडीत अभंग हळू लावा किंवा काहीच लावू नका. थकलेल्या कानाला आवाज कमी वाटतो आणि हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. ज्या डग्ग्याच्या मींडेसाठी आपण एवढा विचार करतोय ती पुढची तीस वर्षं ऐकू यायला हवी.

सासऱ्यांसाठी मात्र तुम्हाला काहीच खर्च करायचा नाही. त्यांची नाट्यगीतं ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरची असतील तर त्यांत फार खालचे सूरही नाहीत आणि फार वरचेही नाहीत. सगळं गाणं मधल्या पट्टीत आहे, आणि ती पट्टी एक्सएलटीचा साधा स्पीकरसुद्धा छान देतो. उलट सबवूफर असेल तर त्यातून तबकडीची घरघरच जास्त येते. ते मागे बसतील तेव्हा बेस दोन-तीन घरं खाली आणा, ट्रेबलही एखादं घर उतरवा म्हणजे खरखर निवेल, आणि आवाज पुढून मागे सरकवा. हे सेटिंग एकदा जमलं की आकडे लिहून ठेवा, दर वेळी शोधत बसावं लागणार नाही.